पाठमोरी

दर शुक्रवारी, आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा शब्बाथ लागायच्या आधी, सासूबाईंना आंघोळ घालायची ती मिल्कानेच. माझी धाकटी जाऊ. घरात येऊन तिला चार वर्षंही झाली नव्हती. मी सव्वीस वर्षं त्यांना भाकरी करून वाढतेय, पण त्यांना लकवा मारल्यापासून न्हाणीत मला मज्जाव. आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि बाहेर मी जिताडा असा खरवडायची, की खवले भिंतीला चिकटायचे.

त्या शुक्रवारी मिल्का भाचीच्या मेंदीला ठाण्याला गेली. मी टॉवेल खांद्यांवर पसरून न्हाणीत पाठमोरी शिरले. उघड्या पडलेल्या बापावर पांघरूण घालायला नोहाचे मुलगे असेच उलटे चालत गेले होते, हे सिनेगॉगात दरवर्षी ऐकलेलं.

"अगं, आपटशील! वळ इकडे."

वळले, तर सासूबाईंनी चालत्या हाताने गाऊन गळ्याशी घट्ट धरलेला.

"मिल्कासमोर नाही वाटत लाज?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"तिचं पोटातलं पोर पडलं, तेव्हा ती माझ्या मांडीवर रडली. तुझंही पडलं होतं ना? तू दुसऱ्या दिवशी केस विंचरून चुलीपुढे हजर. तू कधी काही दाखवलंस मला? मग मी कशी उघडी होऊ?"

बादलीतलं पाणी निवत होतं.

"जळते मी तिच्यावर," मी म्हणाले. "रोज." आणि रडूच फुटलं.

सासूबाईंनी गळ्याशी धरलेली मूठ सोडली. गाऊन काढायला लहान मुलासारखा एक हात वर केला. दुसरा मी उचलला.