वेताळाच्या वहाणा

गिरणी संपात बुडाल्यावर सहदेव साकीनाक्याला चपलांच्या कारखान्यात चिकटला. देवापुढे वाकायचं नाही, हा त्याचा वीस वर्षांचा ताठा. बायको त्यावरून भांडायची. एकदा भरदुपारी कोकणातला गावदेव वेताळ कारखान्यात शिरला. कामगारांनी धडाधड लोटांगणं घातली. सहदेव मात्र ढिम्म. "दिसतोस म्हणून मानू काय? मालकही रोज दिसतो." "नको मानूस," वेताळ कण्हला. "राखणीला फिरतो म्हणून भक्त वहाणा वाहतात. माप कुणी घेतलंय? पाया सगळे पडतात, पायांकडे बघतो कोण?" टाचेवर लिंबाएवढे फोड होते. सहदेव भडकला. "वाट लावली हरामखोरांनी!" त्याने गुडघे टेकले, देवाचा पाय कागदावर धरला आणि पेन्सिल उचलली. तेवढ्यात डबा घेऊन बायको दारात आली. "अगं बाई! धरलेत एकदाचे पाय!" सहदेव घाईघाईने वेताळाकडे वळला. "देवा, हिला सांग ना, मी फक्त माप घेतोय!"