गाडग्यातलं नाव

चोपन्न साली खाणीत छत कोसळून वारलू मेला. अशा मेलेल्याला नाव घेऊन हाक मारली की जीव गाडग्यात येतो, फडकं बांधून तो घरी न्यायचा, ही आमची रीत. ती होईस्तोवर कोणी मजूर खाली उतरेना. शेवटी आमच्याच गावच्या मुकादम डोमानं वारलूच्या बायकोला गाडगं घेऊन कोळशाच्या डब्यात बसवलं, स्वतःही बसला. भुयारातल्या रुळांवरच्या प्रत्येक टेशनावर ती उतरे, गाडगं उघडून म्हणे, “अवो, घरी चला.” “नवऱ्याचं नाव घ्यायले लाजते काऊन?” डोमा खेकसला. शेवटच्या टेशनावर, दगडांच्या ढिगापाशी, ती डोमाकडे वळली. “छताचे टेकू करकरत होते, तरी तूनंच त्यायले आत धाडलं.” “माजली का? नाव घे, मोठ्यानं!” तिनं गाडग्याचं तोंड त्याच्यासमोर धरलं. “डोमा, घरी चाल.” आणि फडकं आवळून बांधलं. ती घराकडे निघाली. खेकसणारा डोमा मुकाट तिच्या मागोमाग चालू लागला.