तापाची वाट

"ताप नाही. छान!" थर्मामीटर झटकत ताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

तिचा भाऊ चाळिशी उलटली तरी सगळ्यांचा छोटूच. घड्याळं दुरुस्त करायचा. हात थरथरू लागले तसं दुकान मिटलं. पोटातली गाठ साधी आहे, ही इंजेक्शनं ताकदीची आहेत, असं ताईने त्याला सांगून ठेवलं होतं. कॅन्सर हा शब्द तिने घरात शिरूच दिला नव्हता. "त्यांना सगळं नीट सांगा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "सांगते की," ताई म्हणाली होती. छोटूनेही नव्या औषधाच्या चाचणीचा संमतीचा कागद वाचला नाही. ताईने बोट ठेवलं तिथे सही ठोकली.

औषधाचं गणित एकट्या ताईलाच ठाऊक.

"पेशीत डीएनएची एक आतली खोली असते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "तो खोलीबाहेर सांडलेला दिसला की पेशीतला पहारेकरी बोंब ठोकतो आणि शरीराची फौज धावून येते. कॅन्सरच्या पेशींत डीएनए बाहेर सांडतोच, पण यांच्या गाठीतला पहारेकरी गाढ झोपलाय. हे औषध त्याला गदागदा हलवणार."

"उठला हे कळायचं कसं?"

"सडकून ताप भरेल. भरला तर आशा आहे. नाहीच भरला, तर थांबवू."

तेव्हापासून ताई तापाची वाट पाहत होती, जावई यायचा असावा तशी. कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवून ती धावत घरी यायची आणि आधी त्याच्या कपाळाला हात लावायची. कपाळ गार, घामाने ओलं.

"तवा तापलाय का बघतेस?" छोटू चिडवायचा.

आपली चादर तो हल्ली आपणच धुऊन वाळत घालायचा. उभ्या जन्मात स्वतःची कपबशी न विसळलेला माणूस! जायच्या वेळी शहाणपण सुचतंय, असं ताईला वाटायचं.

शेवटच्या इंजेक्शननंतरही पारा ढिम्म. ताईने रोज टिपलेले तापाचे आकडे पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही उठला तो. उगाच टोचत राहण्यात अर्थ नाही. उद्यापासून यांच्या जागी दुसरा पेशंट घेतेय."

"अजून एकच द्या हो," ताईने हात जोडले. "एकच!"

त्यांनी छोटूची फाइल मिटून बाजूला ठेवली.

घरी येऊन ताई चपलांसकट त्याच्यापाशी बसली. आवाज सावरत म्हणाली, "छोटू, संपली बरं का इंजेक्शनं."

"सुटलो एकदाचा!" छोटूने पाय ताणले. "आता सांगायला हरकत नाही. रागावू नकोस हं. दर इंजेक्शनला असा ताप फणफणायचा की दातावर दात वाजायचे. तू दारात यायच्या आत गोळ्या गिळायचो, ओल्या फडक्याने अंग पुसायचो. जीव मुठीत धरून थर्मामीटर बघायचीस गं तू, तुला कसा दाखवणार ताप?"