लाली दाणा खात नाही

"तुझ्या कोंबड्या काय राजवाड्यातून आल्यात का रे? आठ दिवस झाले, दाणा जसाच्या तसा पडून राहिलाय!" दौलतरावांनी पितळी थाळी पायानं लक्ष्मणकडे सरकवली. थाळीतल्या पिवळट भुकटीतून सुक्या मासळीचा वास आला.

"मी काय करू, आबा? मुंडी धरून खाऊ घालू? नाही पसंत त्यांना."

"पसंत नाही म्हणे! फौजेत आम्हाला विचारलं होतं का कुणी, पसंत आहे का म्हणून?"

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, होळकरांची फौज मोडली, पण आबांची हुकमाची सवय काही सुटली नव्हती. लक्ष्मणनं मान खाली घातली. आतून मात्र तो खुश होता. आज रविवार, फैसल्याचा दिवस.

गेल्या रविवारी आत्याचा रघुवीर महूहून हे पोतं घेऊन आला. जनावरांच्या डॉक्टरीचं शिकत होता तो. या दाण्यानं अंडी दुप्पट होतील, म्हणाला. झालं. आबांनी तिथंच ठरवून टाकलं. आठ दिवसांत कोंबड्यांनी दाणा धरला, तर परसातलं सगळं रघुवीरच्या हाती. दर रविवारी येऊन तो सांगेल तसं आई करेल, अन् लक्ष्मण पोलोग्राउंडच्या कारखान्यात जाईल, लोखंड घासायला. शाळा सोडून दोन वर्षं झाली, कोंबड्यांमागे किती दिवस फिरणार? नाही धरला, तर कोंबड्या लक्ष्मणच्या अन् कारखान्याचं नाव आबा परत काढणार नाहीत.

म्हणून लक्ष्मण आठ दिवस पहाटे उठत होता. आबा दूध आणायला निघाले की गोणीतली ज्वारी काढायची अन् अकराही कोंबड्यांपुढे टाकायची. आबा यायच्या आत जमीन साफ, पोटं तट्ट. मग त्या भुकटीत कशाला कोण चोच घालतंय?

रघुवीर ओसरीवर पोहे खात होता. आईनं त्याच्या बशीत शेव किती घातली ते लक्ष्मणनं बघून ठेवलं होतं. स्वतःच्या बशीतली पण बघितली होती. पांढरी पँट, चापून बसवलेला भांग. बसायचा पण असा, जसं घर त्याचंच आहे अन् बाकीचे पाहुणे.

"नाही खात, मामा?" हात धुऊन तो परसात आला.

"हुंगत पण नाहीत," लक्ष्मणच बोलला. "भिया, तुझा दाणा किताबातल्या कोंबड्यांना घाल. या इंदूरच्या आहेत."

रघुवीर हसला. लक्ष्मणला त्याचं हेच सहन व्हायचं नाही. चिडायचाच नाही कधी. त्यानं लालीला उचललं. लक्ष्मणशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही ती, पण त्याच्या काखेत गुपचूप बसली. बेईमान साली. रघुवीरनं तिच्या गळ्याखाली दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं.

बोटं थांबली.

कोंबडीनं गिळलेला दाणा आधी गळ्याखालच्या थैलीत साठतो, हे लक्ष्मणला काय ठाऊक नव्हतं? तो पण रोज तिथंच चाचपून बघायचा, कुणाचं पोट भरलं अन् कुणाचं नाही. एवढी मोठी गोष्ट कशी डोक्यात आली नाही! आठ दिवसांची उपाशी कोंबडी अन् थैली ज्वारीनं टच्च. रघुवीरनं काबरीला धरलं. तिची पण तशीच. मग त्यानं मान वर केली अन् सरळ लक्ष्मणकडे बघितलं.

बोल ना, लक्ष्मण मनात म्हणाला. ओरड. सांगून टाक.

"मामा, दाणाच बिघडलाय," रघुवीर म्हणाला. "गाडीत पोत्याला ओल लागली असेल, मी बघितलंच नाही. चूक माझी. कोंबड्या लक्ष्मणकडेच राहू द्या."

लक्ष्मण जिंकला होता.

आबांनी रघुवीरच्या खांद्यावर हात ठेवला. "असं तोंडावर कबूल करायला छाती लागते, बेटा." अन् लक्ष्मणकडे वळून म्हणाले, "बघ. शीक जरा."

तो हात. आपल्या खांद्यावर तो कधी पडला होता, लक्ष्मणला आठवेना. पाठीत पडला होता, पुष्कळदा.

"खोटं बोलून राहिलाय हा!" लक्ष्मण एकदम ओरडला. "दाण्याला काही झालेलं नाही. पोटं भरलेली आहेत त्यांची. मी ज्वारी घालतो, रोज पहाटे, तुम्ही दुधाला गेलात की. त्याला पण कळलंय. हात लावून बघा!"

आबांचा हात रघुवीरच्या खांद्यावरून हलला नाही.

"कारखान्याचा मिस्त्री आज घरी असेल," ते शांतपणे म्हणाले. "आत्ताच जा. उद्यापासून कामावर येतो म्हणून सांगून ये."

लक्ष्मणनं पायात चपला सरकवल्या. फाटकापर्यंत गेला, अन् वळला.

"लालीला कोरडं नको देऊ," तो रघुवीरला म्हणाला. "ठसकते. पाणी शिंपडून दे. अन् एकदम सगळं नवीन नाही, पहिले चार दिवस अर्धी ज्वारी मिसळ, नाहीतर खरंच नाही खाणार. काबरीला बाजूला घाल. बाकीच्या टोचतात तिला."

रघुवीरनं खिशातून छोटी वही काढली. पेनाचं टोपण दातात धरून तो उभ्या उभ्याच लिहायला लागला.

"अर्धी ज्वारी... चार दिवस म्हणालास ना? अन् नंतर?"

आबा त्या वहीकडे बघत होते. मग त्यांनी लक्ष्मणकडे बघितलं.

"नंतरचं नंतर," लक्ष्मण म्हणाला. "मला जायचंय आता."