वाटीभर ऑइल

वजदी पाच लिटरचा डबा खांद्यावर घेऊन निवडुंगाच्या कुंपणातून आत वळला आणि जागीच थांबला. गाडी होती तिथंच होती, पुढची दोन्ही चाकं जैतुनाच्या जुन्या तेलघाण्याच्या फुटक्या दगडावर चढवलेली. तिच्यापाशी बा मांडी घालून बसला होता. निळ्या डगल्याच्या पाठीला माती. म्हणजे खाली घुसून आला होता. पुढ्यात तसराळं, आणि तसराळ्यात वाटीभर काळं ऑइल.



"ये, बस," बा म्हणाला. कालच्या भांडणानंतरचा हा पहिला शब्द.

भांडण ऑइलवरूनच झालं होतं. बाची पद्धत ठरलेली. जैतुनाच्या तोडणीच्या आधी गाडी रात्रभर दगडांवर ठेवायची, गाळ खाली बसू द्यायचा, सकाळी जमिनीवर उताणं पडून इंजिनाच्या बुडाचा नट सोडायचा आणि ऑइल गाळायचं. वजदीनं सफाक्स शहरातून पंप आणला होता. ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकातून नळी घाल, वरून ओढ, विषय संपला. "सत्तरी आली तुझी, पालीसारखा कशाला सरपटतोस मातीत?" असं तो बोलून गेला. बाला ते लागलं. "पंपानं सगळं निघत नाही," एवढंच म्हणाला. "आणि माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

आज पहाटे बा नमाजाला गेला तसा वजदीनं हात लावला. थंड ऑइल ओढता ओढता दंड भरून आले. काढलेलं डब्यात भरून अंजिराच्या मागं ठेवलं. नवीन आणायचं, ओतायचं, आणि बा पाना घेऊन आला की म्हणायचं, झालंय, चहा पी. रस्त्यात बा मशिदीकडून समोरून येताना दिसलासुद्धा. एक वाक्य पुरलं असतं. पण बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून वजदीनं तोंड फिरवलं. दुकान उघडेपर्यंत तो टपरीवर कॉफी पीत बसला. आणि दुकान उघडल्यावरही तासभर फुटबॉलवरून वाद घालत बसला.

"पिऊन टाकलं बघ हिनं," बा तसराळ्याकडं बघत म्हणाला. "चार लिटर घातलं होतं. थोडा धूर दिसायचा मला, पण एवढं? मला कळू पण दिलं नाही तिनं."

आई गेल्यापासून बा सगळ्यात जास्त कुणाशी बोलायचा तर या गाडीशी.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून हत्ताब पुढं आला. जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकायचा त्याचा धंदा. दर शुक्रवारी मशिदीच्या दारात तो विचारायचा, हाजी, म्हातारीला कधी सोडतोस? आणि बा दर शुक्रवारी सांगायचा, ऑइल प्यायला लागेल, इंजिन संपेल, त्या दिवशी.

"मीच फोन केला त्याला," बा म्हणाला.

"तोंड पाडू नको पोरा," हत्ताब म्हणाला. "दरवाजे अजून नव्यासारखे आहेत. बरीच वर्षं कुठं ना कुठं फिरत राहतील."

"फातिहा?" वजदीनं विचारलं.

"झाली की, आत्ताच."

सौद्यावर दोघांनी मिळून फातिहा, कुराणातली पहिली सुरा, म्हटली की बोलणं संपलं. मग लग्न असो नाहीतर शेळी.

वजदीनं डबा खाली ठेवला आणि बाच्या शेजारी बसला. "बा, ऐक ना."

"आता आणखी कशावरून भांडायचंय तुला?"

"भांडत नाही. ऑइल मी काढलंय. पहाटे, पंपानं." तो उठला, अंजिराच्या मागून जुना डबा आणला आणि बाच्या पुढ्यात ठेवला. डबा जवळजवळ भरलेला होता.

बानं डब्यात दोन बोटं बुडवली. घाण्यावर पहिली धार आली की तेल बघायचा तसं बोटांवर चोळलं, उन्हात धरलं, वास घेतला. कितीतरी वेळ चोळत राहिला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "एक कण नाही लोखंडाचा."

हत्ताब स्वतःच्या बुटांकडं बघत होता. "हाजी, तू म्हणत असशील तर मी आपला..."

"मी म्हणत नाही," बा म्हणाला. "फातिहा माझ्या तोंडून गेलीय. ट्रक आण तुझा."

हत्ताब गेला. बा गुडघ्यावर हात दाबत उठला, डगल्याच्या खिशातून नट काढला, पुसला.

"तो नवीन डबा फोड," म्हणाला.

"आता कशाला? तो तर फोडणार तिला."

"कोरडी नाही पाठवायची."

"दे मग, नट मी लावतो."

"तू ओतायचं बघ."

बा उताणा झाला आणि सरकत सरकत खाली गेला. वजदी नरसाळं लावून, डबा कलता धरून उभा राहिला. गाडीखालून फक्त बाचे दोन पाय बाहेर दिसत होते. एका पायातली चप्पल निसटून दगडापाशी पडली होती. पाना दोनदा वाजला, मग वाजायचा थांबला.

"बसला का नट? ओतू?"



"पंपानं सगळं निघत नाही," खालून बा म्हणाला. "म्हटलं होतं ना तुला. वाटीभर राहतंच खाली."