स्केल्डर्बींचं गाव

ह्यू स्केल्डर्बीचं आडनाव यॉर्कशरमधल्या एका गावावरून पडलं होतं. ते गाव शेकडो वर्षांपूर्वी साथीत ओस पडलं. एका दुपारी तो बायकोला, मॉडला, घेऊन तिथे गेला. आता तिथे नुसतं कुरण होतं आणि घरांच्या जागी गवताळ उंचवटे.

"हेच का तुझं राज्य?" मॉड हसली.

ह्यू उंचवट्यांमधून हिंडत राहिला. मॉडने चहा ओतला आणि थट्टेने हाक मारली, "अहो स्केल्डर्बी, चहा गार होतोय!"

"आलो!"

ह्यूचे ओठ मिटलेलेच होते.

"आलो," पलीकडच्या उंचवट्याखालून एक म्हातारा आवाज म्हणाला. मग एका लहान मुलीचा, "आले!"

"ह्यू, चल इथून," मॉड कशीबशी म्हणाली.

त्याच्या पायाशी, गवताखाली, कुणीतरी दाराची कडी काढली.