माळ्याचा चाकू

माळी मनाच्या आजारानं खचला, तेव्हा बायकोनं घरातली प्रत्येक धारदार वस्तू कुलपात ठेवली होती. फळंसुद्धा तीच चिरून द्यायची. आता डॉक्टर म्हणाले, "कामावर जाऊ द्या." म्हणून दोघं चाकूच्या दुकानात आली. दुपार पेंगत होती. काचेवर मांडलेले घडीचे चाकू उन्हात तळ्यातल्या माशांसारखे चमकत होते. "घ्या तुमच्या मनासारखा," ती म्हणाली. तो एकेक पातं उघडून मिटत राहिला, जणू स्वप्नात एखादं दार शोधतोय. लाकडी मुठीचा एक चाकू त्याच्या तळव्यात अलगद विसावला. "हा बघ, कलमं करायला किती हलका!" तो हसला. ते हसू तिनं वर्षभर पाहिलं नव्हतं. "कागदात बांधून देऊ, वहिनी?" दुकानदारानं विचारलं. तिचा हात पिशवीकडे गेला, तिथंच थबकला. "नको, भाऊ," ती म्हणाली. "त्यांच्या खिशात राहू द्या. रोज लागेल."